महू : तहातून वसलेले गाव

मुंबईहून आग्र्याकडे जाणारा जुना हमरस्ता धुळे व सेंधवा मागे टाकून नर्मदा ओलांडतो आणि मानपूरचा घाट चढून माळव्याच्या पठारावर येतो. दुतर्फा काळीभोर जमीन पसरते, हवेत गारवा जाणवू लागतो आणि प्रवाशाच्या मनाला इंदूरचे वेध लागतात. इंदूरच्या अलीकडे सुमारे २३ किलोमीटरवर महू नावाचे एक लहानसे गाव आहे. पण तेथे मुद्दाम उतरणारे प्रवासी, एप्रिलचा एक आठवडा सोडला तर, फारसे आढळत नाहीत. इंदूरचे राजवाडे, उज्जयिनीचा महाकाल, मांडूचे महाल आणि महेश्वरचा घाट या चार ख्यातनाम शेजाऱ्यांच्या मधोमध हे गाव काहीसे संकोचून बसले आहे. तरीही मराठी माणसाने या गावाची ओळख करून घ्यावी, असे त्याचे आणि आपले नाते आहे. मराठ्यांच्या एका मोठ्या सत्तेचा पराभव येथे जमिनीवर कोरला गेला. आणि त्याच जमिनीवर, त्र्याहत्तर वर्षांनी, एका मराठी सुभेदाराच्या घरी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा जन्म झाला.

या गावाचा प्रारंभ समजून घ्यावयाचा तर १८१७ सालच्या डिसेंबरात जावे लागते. यशवंतराव होळकरांचा मृत्यू १८११ मध्ये झाला होता. गादीवर दुसरे मल्हारराव हे अल्पवयीन, कारभार तुळसाबाईंच्या हाती आणि फौजेत बेबनाव, अशी होळकरशाहीची त्या वेळी स्थिती होती. २१ डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रा नदीच्या काठी महिदपूर येथे सर टॉमस हिस्लॉप व सर जॉन माल्कम यांच्या सैन्याशी होळकरांच्या फौजेची गाठ पडली. होळकरांचा तोफखाना शर्थीने लढला, परंतु दिवस इंग्रजांचा ठरला. लढाईच्या आदल्याच दिवशी तुळसाबाईंचा त्यांच्याच माणसांनी वध केला होता. सोळा दिवसांनी, ६ जानेवारी १८१८ रोजी, मंदसोर येथे तह झाला. होळकरांच्या वतीने त्याची बोलणी तात्या जोग या मुत्सद्द्याने केली.

या तहाने होळकरांचे निम्म्याहून अधिक राज्य गेले. त्यातच एक कलम असे होते, की होळकरांच्या मुलखात शांतता राखण्यासाठी कंपनी सरकार आपली फौज ठेवील आणि तिची जागाही कंपनीच ठरवील. ही जागा म्हणजेच महू. होळकरांची राजधानी याच तहानंतर इंदूरला कायमची आली. आणि राजधानीपासून घोडेस्वाराने दोन-तीन तासांत गाठावी इतक्या अंतरावर इंग्रजांची पलटण येऊन बसली. जागेची निवड मोठी हिशेबी होती. दक्षिणेस विंध्याची कड आणि तीखाली नर्मदेचे खोरे. उत्तरेस उघडे पठार. समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरांहून अधिक उंची, आणि म्हणून युरोपियन शिपायाला सोसवेल अशी हवा. दख्खनकडून माळव्यात येणाऱ्या वाटांवर येथून सहज लक्ष ठेवता येत असे. माल्कम याने स्वतः येथे राहून मध्य हिंदुस्थानचा कारभार पाहिला.

गावाच्या नावाविषयी एक गमतीची समजूत प्रचलित आहे. इंग्रजांनी हे नाव रोमन लिपीत ज्या चार अक्षरांनी लिहिले, त्यांचा विग्रह पुढे कोणीतरी ‘मिलिटरी हेडक्वार्टर्स ऑफ वॉर’ असा केला, आणि तो इतका लोकप्रिय झाला की सुशिक्षितही तो खरा मानतात. वस्तुतः छावणी पडण्यापूर्वीच येथे महू नावाचे खेडे होते आणि त्याचेच नाव छावणीला मिळाले. मोहाच्या झाडावरून ते नाव पडले असावे, असेही काही जण सांगतात. आद्याक्षरांवरून गावांची नावे पाडण्याची रीत त्या काळी नव्हती, एवढे ध्यानात घेतले तरी हा वाद मिटतो.

छावणीची रचना कशी असे, हे जाणून घेतल्यावाचून महूचे रस्ते उलगडत नाहीत. मध्यभागी कवायतीचे मोठे मैदान. एका बाजूस युरोपियन पलटणींच्या बराकी, त्यांच्याजवळ चर्च आणि अधिकाऱ्यांचे प्रशस्त आवारांचे बंगले. दुसऱ्या बाजूस, पुरेशा अंतरावर, देशी शिपायांच्या वस्त्या. आणि या सर्वांना धान्य, कापड, दूध, घोड्यांचा दाणा पुरविण्यासाठी एक बाजार. शिपायामागून शिंपी, चांभार, सोनार, सावकार, खानसामे आले. गुजराती व मारवाडी व्यापारी आले. पारशी दुकानदार आले आणि त्यांनी आपली अग्यारी उभारली. मेन स्ट्रीट व प्लाउडन रोड ही नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत. दुतर्फा जुनी झाडे, खोल पडव्यांचे कौलारू बंगले आणि मध्येच एखाद्या चर्चचा मनोरा, हे महूचे दृश्य पाहणाऱ्याला प्रसन्न वाटते. परंतु ही प्रसन्नता जिच्यावर उभी होती ती विभागणीही तितकीच खरी होती. देशी पलटणीच्या वस्तीला लोक ‘काली पलटन’ म्हणत. माणसाच्या कातडीचा रंग जेथे वस्तीचे नाव ठरवितो, तेथे नकाशा हाच इतिहास सांगत असतो.

छावणीतील जमिनीचा कायदाही निराळा असतो. जुन्या छावण्यांमध्ये पुष्कळ बंगले अशा अटीवर दिलेले असत, की इमारत राहणाराची, पण जमीन सरकारची. आणि सरकारला गरज पडल्यास ती परत घेण्याचा अधिकार राखलेला. त्यामुळे पिढ्यान्‌पिढ्या एका घरात राहूनही आपण या भूमीचे मालक आहोत असे छावणीकराला सहसा म्हणता येत नाही. नागरी वस्तीचा कारभारही नगरपालिकेकडे नसून छावणी मंडळाकडे असतो. आजच्या महूचा लहान आकार, त्यातील मोकळी मैदाने आणि जुन्या बांधणीचे टिकून राहणे, या सर्वांच्या मुळाशी हे नियम आहेत.

१८५७ च्या उठावात या विभागणीची सत्त्वपरीक्षा झाली. १ जुलै रोजी सकाळी इंदूरच्या रेसिडेन्सीवर सादत खान व त्याच्या सोबत्यांनी हल्ला चढविला. तेथील इंग्रज प्रतिनिधी कर्नल ड्युरँड हा आपल्या माणसांसह सीहोरच्या दिशेने निघून गेला. त्याच रात्री महूत तेविसाव्या बंगाल देशी पायदळाने व घोडदळाच्या तुकडीने बंड केले. आपले शिपाई आपल्यावर शस्त्र उचलणार नाहीत, या विश्वासाने कर्नल प्लॅट त्यांच्या वस्तीकडे घोड्यावरून गेला आणि तेथेच मारला गेला. कॅप्टन हंगरफर्ड याने तोफखाना बाहेर काढून वस्तीवर मारा केला, तेव्हा शिपाई इंदूरकडे निघून गेले. मागे उरलेले इंग्रज दारूगोळ्याच्या छोट्या किल्ल्यात आश्रय घेऊन राहिले, आणि ऑगस्टच्या आरंभी मुंबई इलाख्यातून आलेली फौज पोहोचेपर्यंत त्यांनी तो किल्ला धरून ठेवला. सादत खान पुढे अनेक वर्षे अज्ञातवासात राहिला. शेवटी तो पकडला गेला आणि १८७४ मध्ये इंदूर येथे त्याला फाशी देण्यात आले.

त्यानंतर महूला रेल्वे आली, आणि ती होळकरांच्याच पैशाने. दुसऱ्या तुकोजीराव होळकरांनी १८७० मध्ये खंडवा ते इंदूर या मार्गासाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपयांचे कर्ज दिले. मुदत १०१ वर्षांची आणि व्याज शेकडा साडेचार. या लोहमार्गाला ‘होळकर स्टेट रेल्वे’ असे नाव मिळाले. १८७४ पासून तो टप्प्याटप्प्याने खुला होऊ लागला; नर्मदेवर पूल झाला, आणि १८७८ पर्यंत गाडी विंध्याचा घाट चढून महूच्या पुढे गेली. कालाकुंडापासून पातालपाणीपर्यंतचा घाट इतका उभा आहे की चाळीस फूट जावे तेव्हा एक फूट चढावे, असा त्याचा चढ. बोगदे, उंच पूल आणि दरीच्या कडेने वळसे घेत जाणारा तो अरुंद रूळमार्ग हा त्या काळच्या स्थापत्याचा उत्तम नमुना होय. पुढे अकोला-खंडवा जोडमार्ग झाल्यावर वऱ्हाड आणि मराठवाड्यातील प्रवासी याच वाटेने अजमेर-जयपूरकडे जाऊ लागले. ‘मीनाक्षी एक्सप्रेस’ हे नाव अकोला व हिंगोलीकडील वडीलधाऱ्यांच्या स्मरणात अद्याप आहे.

या लष्करी गावातच काली पलटनीच्या वस्तीत १४ एप्रिल १८९१ रोजी रामजी मालोजी सकपाळ आणि भीमाबाई यांच्या पोटी चौदावे अपत्य जन्मास आले. घराणे मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावचे. रामजी सैन्यात सुभेदार होते, आणि लष्करी शाळेचे मुख्याध्यापक होते. येथे क्षणभर थांबून एका गोष्टीचा विचार केला पाहिजे. ज्या समाजाला गावच्या शाळेची पायरी चढण्यास मनाई होती, त्या समाजातील एक गृहस्थ शाळेचा मुख्याध्यापक कसा झाला? त्याचे उत्तर छावणीत आहे. कंपनीच्या व पुढे राणी सरकारच्या सैन्यात शिपायांसाठी व त्यांच्या मुलांसाठी शाळा असत, आणि तेथे शिक्षण घेणे आवश्यक मानले जाई. इंग्रजांनी या शाळा काढल्या त्या परोपकार म्हणून नव्हे, तर पलटणीची गरज म्हणून. पण त्या शाळेत वाचावयास शिकलेला माणूस आपल्या मुलांना वाचावयास शिकवू लागला, आणि कोणाच्याही हिशेबात नसलेले काही तरी त्यातून घडले.

ते दारही फार काळ उघडे राहिले नाही. सैन्यभरतीसाठी काही जाती ‘लढवय्या’ आणि बाकीच्या तशा नव्हेत, असा सिद्धान्त इंग्रज सरकारने त्याच सुमारास उचलला, आणि १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. सैन्यातून निवृत्त झालेले गोपाळबाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये या अन्यायाविरुद्ध अर्ज तयार केला. पण त्याचा उपयोग झाला नाही. पहिल्या महायुद्धात गरज पडली तेव्हा १९१७ मध्ये ‘एकशे अकरावी महार’ ही पलटण उभी राहिली, आणि युद्ध संपताच १९२१ मध्ये मोडली गेली. शेवटी दुसऱ्या महायुद्धात, १९४१ साली, बेळगाव येथे महार रेजिमेंटची स्थापना झाली. त्या वर्षी बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षणविषयक सल्लागार समितीचे सदस्य होते. या रेजिमेंटचे केंद्र आज मध्य प्रदेशातच, सागर येथे आहे. महूत जन्मलेल्या सुभेदाराच्या मुलाने वडिलांना बंद झालेले दार पुन्हा उघडण्यास हातभार लावला, असे म्हणण्यास प्रत्यवाय नाही.

रामजी निवृत्त झाल्यावर कुटुंब महू सोडून प्रथम दापोलीस आणि मग साताऱ्यास गेले. बाबासाहेब त्या वेळी दोन-तीन वर्षांचे होते. तेव्हा महूचा त्यांच्यावर संस्कार झाला असे कोणी म्हटले, तर तो अतिशयोक्तीचाच भाग होईल. गावाचा मान आहे तो जन्मभूमीचा. जन्मस्थानी स्मारकाची कोनशिला त्यांच्या जन्मशताब्दीच्या दिवशी, १४ एप्रिल १९९१ रोजी, बसली. आणि स्तूपाच्या आकाराची घुमटधारी संगमरवरी वास्तू १४ एप्रिल २००८ रोजी लोकांसाठी खुली झाली. तत्पूर्वी, २००३ मध्ये, गावाला ‘डॉ. आंबेडकर नगर’ असे अधिकृत नाव देण्यात आले, आणि रेल्वे स्थानकावरही आज तेच नाव वाचावयास मिळते. लोकव्यवहारात मात्र महू हे जुने नावही टिकून आहे. दरवर्षी एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात महाराष्ट्रातून आणि देशाच्या अन्य भागांतून माणसांचे लोंढे येथे येतात. माथ्यावर उन्हाळ्याचे ऊन, काखेत शिदोरीची पिशवी, कडेवर मूल, अशी ती गर्दी रांगेत उभी राहते, आणि त्या आठवड्यापुरती महूची मुख्य भाषा मराठी होते. समाजशास्त्रांचे एक विद्यापीठही बाबासाहेबांच्या नावाने येथे चालते.

स्वातंत्र्यानंतर छावणी ओस पडली नाही. तिचे स्वरूप तेवढे बदलले. पायदळाचे प्रशिक्षण देणारी इन्फन्ट्री स्कूल ही संस्था १९४८ पासून येथे आहे. संदेशवहनाचे शिक्षण देणाऱ्या लष्करी शाळेला १९६७ मध्ये ‘मिलिटरी कॉलेज ऑफ टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग’ हे नाव मिळाले. वरिष्ठ अधिकाऱ्यांना युद्धनीती शिकविण्यासाठी १९७१ मध्ये ‘कॉलेज ऑफ कॉम्बॅट’ निघाले. २००३ पासून ते ‘आर्मी वॉर कॉलेज’ या नावाने ओळखले जाते. भारतीय पायदळातील बहुतेक अधिकाऱ्यांना आपल्या सेवाकालात केव्हा ना केव्हा महूस यावे लागते. याखेरीज १९५५ मध्ये स्थापन झालेले पशुवैद्यकीय महाविद्यालयही येथे आहे.

आता गावाबाहेर पडावे. महूपासून काही किलोमीटरवर पातालपाणी येथे चोरल नदी सुमारे तीनशे फूट खोल कोसळते. पावसाळ्यात धुके, गर्जना आणि तुषार यांनी दरी भरून जाते. उन्हाळ्यात मात्र कडा जवळजवळ कोरडा असतो. येथे एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. वर डोंगरात पडलेल्या पावसाचे पाणी क्षणात वाढते. जुलै २०११ मध्ये प्रवाहाच्या मध्यभागी उभी असलेली माणसे अशाच लोंढ्यात वाहून गेली आणि त्यांतील काहींना प्राण गमवावे लागले. तेव्हा धबधबा काठावरून पाहावा. पाण्यात उतरण्याचा मोह धरू नये.

पातालपाणीला आणखी एक स्मृती आहे ती तंट्या भिल्लाची. सावकार व सरकार यांना वर्षानुवर्षे हुलकावण्या देणाऱ्या या निमाडच्या वीराला ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपूर येथे फाशी झाली. त्याचा देह पातालपाणीजवळ रुळाकाठी टाकण्यात आला, अशी लोकांची श्रद्धा आहे. तेथे त्याचे देवस्थान झाले. येथून जाणारी गाडी ‘तंट्या मामा’ला मान देण्यासाठी क्षणभर थांबते, असे प्रवासी एकमेकांना सांगत आले.

घाटातील जुन्या मार्गावर २५ डिसेंबर २०१८ पासून पातालपाणी ते कालाकुंड अशी वारसा-गाडी सुरू झाली. ती ठरावीक हंगामात व दिवशीच धावत आली असल्याने निघण्यापूर्वी चौकशी करणे शहाणपणाचे. कालाकुंड हे स्थानक तेथील कलाकंदासाठी नावाजलेले आहे. पळसाच्या पानावर दिलेला तो दुधाचा पदार्थ या मार्गाने गेलेल्या प्रवाशाच्या आठवणीत राहून जातो.

महूच्या नैर्ऋत्येस जानापाव हा ८५४ मीटर उंचीचा डोंगर आहे. जमदग्नी ऋषींचा आश्रम येथे होता आणि परशुरामाचा जन्म येथे झाला, अशी श्रद्धा असून कार्तिकी पौर्णिमेस मोठी जत्रा भरते. चंबळ नदीचा उगम याच डोंगरातला. माथ्यावर पडलेल्या पावसाचे एक ओघळ उत्तरेस वळते, चंबळ होऊन यमुनेस मिळते आणि गंगेवाटे बंगालच्या उपसागरास जाते. हाकेच्या अंतरावरचे दुसरे दक्षिणेस उतरून नर्मदेस मिळते आणि अरबी समुद्रास पोहोचते. भूगोलाच्या पुस्तकातील ‘जलविभाजक’ हा कठीण शब्द येथे विद्यार्थ्याला डोळ्यांनी पाहता येतो.

महेश्वरकडे जाणाऱ्या वाटेवर, जेथे पठार संपून निमाडचा उतार सुरू होतो, तेथे जाम दरवाजा उभा आहे. अहल्याबाई होळकरांनी १७९१ मध्ये तो बांधला. त्याच्या कमानीखालून पावसाळ्यात खालचे निमाड ढगांनी झाकलेले दिसते. हा दरवाजा पाहून छावणीकडे परतणाऱ्याच्या ध्यानात एक गोष्ट सहज येते. दरवाजा आणि छावणी यांमध्ये अवघ्या सत्तावीस वर्षांचे अंतर आहे; एवढ्या अवधीत वाटेची राखण होळकरांकडून इंग्रजांकडे गेली.

इतिहासात विजेते गावे वसवितात आणि त्यांना वाटते की त्या गावाचा अर्थही आपणच ठरविला. महू वसविणाऱ्यांना शिपाई हवे होते, नागरिक नव्हेत. येथे येणाऱ्याने काही वर्षे राहावे, हुकूम मानावा आणि बदली होताच निघून जावे, अशीच योजना होती. त्यांच्यापैकी पुष्कळ जण गावच्या दफनभूमीत कायमचे राहिले. त्यांच्या कबरींवरील नावे वाचण्यास आता क्वचितच कोणी जातो. ज्या वस्तीकडे त्यांचे सर्वांत कमी लक्ष होते, त्या काली पलटनीच्या वाटेवर मात्र आज दिवसभर माणसे चालताना दिसतात. इंदूर, उज्जैन, महेश्वर पाहण्यास निघालेल्या मराठी कुटुंबाने आपल्या प्रवासातील एक दिवस या गावासाठी राखून ठेवावा. सकाळी जन्मभूमीचे दर्शन घ्यावे, दुपारी जुन्या झाडांच्या सावलीतून छावणीचे रस्ते पाहावेत आणि संध्याकाळी जाम दरवाजापाशी उभे राहून नर्मदेकडे उतरणारी वाट पाहावी. सोबत मुले असतील तर त्यांना महिदपूरची लढाई सांगावी, आणि तिच्यानंतर त्र्याहत्तर वर्षांनी सुभेदाराच्या घरी जन्मलेल्या मुलाचीही गोष्ट सांगावी. या दोन गोष्टी एकत्र सांगितल्याखेरीज महू कळत नाही.